फोर्ट ॲन, ८ जुलै १७७७ : ९व्या रेजिमेंटच्या २४ सैनिकांच्या रंगकामाच्या नोंदी

२ जून २०२४ : तारीख आणि जागा

काम असं आहे: २८ मिमी उंचीच्या, म्हणजे साधारण १:५६ प्रमाणातल्या, २४ प्लास्टिक सैनिकांच्या आकृत्या रंगवायच्या. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली ब्रिटिश पायदळाची ९वी रेजिमेंट, जनरल बर्गॉइनची फौज, न्यूयॉर्कमधलं फोर्ट ॲन, ८ जुलै १७७७. टिकॉन्डेरोगाचा किल्ला सोडून मागे हटणाऱ्या अमेरिकनांचा पाठलाग करत लेफ्टनंट कर्नल हिल याच्या हाताखाली ९वी रेजिमेंट इथल्या जंगलात लढली.

रंगाची एकही बाटली उघडण्याआधी तारीख आणि जागा पक्की करायची, कारण ‘अठराव्या शतकातला ब्रिटिश सैनिक’ असा एकच गणवेश नाही. १७५१च्या वॉरंटमधला (गणवेशाबद्दलच्या राजाच्या हुकुमातला) सैनिक आणि १९ डिसेंबर १७६८च्या वॉरंटमधला सैनिक शेजारी ठेवले तर लाल कोट सोडून फार थोडं जुळतं. आधीच्या सैनिकाचे कफ मोठे, वेस्टकोट आणि ब्रीचेस (गुडघ्यापर्यंतची विजार) लाल, ग्रेनेडियरच्या (निवडक, उंच सैनिकाच्या) डोक्यावर भरतकाम केलेली उंच कापडी टोपी. १७६८नंतर लॅपल (कोटाच्या छातीवरच्या उलटवलेल्या पट्ट्या) अरुंद, कफ लहान आणि गोल, वेस्टकोट-ब्रीचेस पांढरे किंवा बफ (फिकट पिवळट), ग्रेनेडियरला अस्वलाच्या कातड्याची काळी टोपी. बटणांवर रेजिमेंटचा आकडा १७६७च्या हुकुमाने आला.

डेव्हिड मोरिएरची ग्रेनेडियरांची चित्रं सगळीकडे सहज सापडतात आणि सुंदर आहेत, म्हणून बरेच जण तिथून सुरुवात करतात. ती १७५१च्या आसपासची आहेत. मिंडेनच्या १७५९च्या लढाईसाठी ती चालतील. १७७७साठी त्यांतून फेसिंगचा (कॉलर-लॅपल-कफचा) रंग ताडून पाहावा, कपड्यांचा काट घेऊ नये.

आपल्याकडे कुणी वडगावची जानेवारी १७७९ची लढाई करायला घेतली असेल तर त्यांनाही हे लागू आहे. १७६८चं वॉरंट राजाच्या पायदळाचं. वडगावला मराठ्यांसमोर उभी होती ती ईस्ट इंडिया कंपनीची मुंबईची फौज. तिचा शोध कंपनीच्या कागदांतच घ्यावा लागतो. खालची यादी तिकडे जशीच्या तशी उचलू नका.

८ जून : कागदावरचा सैनिक

वॉरंटमधून ९व्या रेजिमेंटसाठी काढलेली माहिती:

फेसिंग म्हणजे कॉलर, लॅपल आणि कफ पिवळे. कोटाचं अस्तर पांढरं, त्यामुळे उलटवलेली टोकंही पांढरी. सैनिकाची लेस (कोटावरची विणलेली फीत) पांढरी, तिच्यात दोन काळ्या रेघा. बटणं जस्ती रंगाची, प्यूटरची. वेस्टकोट, ब्रीचेस आणि पट्टे पांढरे. बफ पट्टे फक्त बफ वेस्टकोटवाल्या रेजिमेंटना. सार्जंटची लेस साधी पांढरी, कमरेला किरमिजी सॅश (गुंडाळायचा शेला) आणि तिच्यात फेसिंगच्या रंगाची, म्हणजे पिवळी पट्टी. अधिकाऱ्यांचा धातू चांदी. बिनग्रेनेडियर अधिकाऱ्याला एकच एपॉलेट (झालरीचा बिल्ला), तेही उजव्या खांद्यावर. किरमिजी सॅश कमरेला. गळ्यात चांदीचा गॉर्जेट (चंद्रकोरीसारखा बिल्ला).

ड्रमरचा कोट उलट्या रंगांत: पिवळा कोट, लाल फेसिंग. ही उलटापालट सगळ्यांना लागू नाही. निळ्या फेसिंगच्या शाही रेजिमेंटचे ड्रमर लालच कोट घालत, आणि ज्यांचं फेसिंग लाल त्यांच्या ड्रमरला पांढरा कोट. ड्रमचा पुढचा भाग फेसिंगच्या रंगात, त्यावर राजाची मुद्राक्षरं आणि मुकुट, खाली रेजिमेंटचा आकडा.

दोन गोष्टी मुद्दाम गाळल्या. ९व्या रेजिमेंटशी जोडली जाणारी ब्रिटानियाची आकृती अधिकृतपणे १७९९मध्ये मिळाली, आणि ‘ईस्ट नॉरफोक’ हे नाव १७८२चं. या दोन्ही गोष्टी १७७७च्या सैनिकांवर आणि झेंड्यांवर सर्रास रंगवलेल्या दिसतात.

९ जून : जंगलातला सैनिक

वॉरंट काय घालायचं ते सांगतं. त्या जुलैत काय घातलं होतं त्यासाठी वेगळा पुरावा लागतो, आणि बर्गॉइनच्या फौजेबाबत तो चांगला आहे. नवे कपडे वेळेवर कॅनडात पोहोचले नाहीत, म्हणून १७७६-७७च्या हिवाळ्यात जुने कोट कापून आखूड जाकिटं केली आणि हॅट कापून टोप्या केल्या. कापलेल्या कापडातून ठिगळंही निघाली आणि झाडीत वावरणंही सोपं झालं. टोपीवर केसांचा तुरा. बर्गॉइनबरोबरच्या जर्मन हेसे-हानाऊ तुकडीचा अधिकारी फॉन जर्मान याने १७७८च्या सुमारास या मोहिमेतल्या सैनिकांची चित्रं काढली, त्यांत हा आखूड वेश दिसतो. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या डिजिटल संग्रहात ती बघायला मिळतात.

या टप्प्यावर सर्वात मोठा घोळ होतो तो दोन फौजांच्या सरमिसळीचा. झाविएर देल्ला गात्ताची पाओली आणि जर्मनटाउनची चित्रं त्याच वर्षातल्या लढायांची आहेत, पण ती जनरल हाऊच्या वेगळ्या ब्रिटिश फौजेची. लुथरबुर्गची वॉर्ली छावणीची चित्रं १७७८च्या इंग्लंडमधल्या पाहणीची, सगळे नवेकोरे आणि कडक. तिन्ही पुरावे खरे, तिन्ही वेगळे. फोर्ट ॲनसाठी यातला फॉन जर्मानचाच घ्यायचा.

ग्रेनेडियर आणि लाइट (हलक्या, चपळ पायदळाच्या) कंपन्या या मोहिमेत रेजिमेंटपासून काढून वेगळ्या बटालियनमध्ये घातल्या होत्या. ग्रेनेडियर मेजर ॲक्लंडकडे, लाइट कंपन्या अर्ल ऑफ बाल्कारेसकडे. म्हणून या २४ जणांत अस्वली टोपी नाही. उरलेल्या आठ कंपन्या, कंपनीमागे तीन आकृत्या, असा २४चा हिशेब: १ अधिकारी, झेंडे धरलेले २ एन्साइन (सर्वात कनिष्ठ अधिकारी), २ सार्जंट, १ ड्रमर, १८ सैनिक.

१५ जून : कापाकापी

१७७५-८३च्या ब्रिटिश पायदळाचा प्लास्टिकचा खोका. टपाल आणि कस्टम धरून खर्च पाच हजारांच्या घरात गेला. आखूड कोटातल्या तयार धातूच्या आकृत्या मिळतात, पण एका नगामागे जवळजवळ दुप्पट पडतात. म्हणून प्लास्टिक कापायचं ठरवलं.

कोटाच्या शेपट्या: ११ नंबरचं पातं, नवं. मागून पुढे न कापता खालून वर, पातळ चकत्या काढत जायचं. एका दमात कापलं की पातं मांडीत घुसतं आणि ब्रीचेसच्या घडीवर आडवी चीर पडते. शेपटी कुल्ल्याच्या जरा खाली थांबवायची. मग ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर. शेपटी गेली की मागे सपाट भाग उरतो, तिथे इपॉक्सी पुटीचा पातळ थर देऊन पार्श्वभाग आणि मांडीची गोलाई परत आणावी लागते. हा भाग वगळला तर मागून आकृती पुठ्ठ्याची वाटते.

डोकं: धडाला चिकटवण्याआधीच काम करा. त्रिकोणी हॅटच्या उजव्या, डाव्या आणि मागच्या कडा छाटायच्या, पुढचा उभा भाग ठेवायचा. मागची कड छाटताना मानेवरची केसांची गाठ हमखास उडते. डोकं ब्लूटॅकवर तोंड खाली करून रोवलं आणि पातं गाठीकडून वर चालवलं की ती वाचते.

तुऱ्यासाठी निळी-पिवळी पुटी समप्रमाणात मळून अर्धा तास तशीच ठेवली. लगेच वापरली तर बोटाला चिकटते आणि केसांच्या रेघा धरत नाही. तांदळाएवढा तुकडा टोपीवर डावीकडून आडवा बसवून ओल्या सुईने रेघा ओढल्या. जूनच्या उकाड्यात पुटी पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या बरीच आधी घट्ट होते, म्हणून एका वेळी चार-पाच टोप्यांपुरतीच मळावी.

पाय: साच्यात गुडघ्याखाली काळे गेटर (बुटावरून पोटरी झाकणारं कापड) आणि बकल आहेत. या मोहिमेसाठी गेटरसकटच्या लांब विजारी हव्या होत्या. गुडघ्याचं बकल आणि पट्टा खरवडून तिथे पुटीची एक-दोन चुणी दिली. पायाच्या बाजूची बटणं तशीच ठेवली, विजारीला ती असतातच.

२३ जून : प्रायमर आणि पिवळा

पिवळ्याने वेळ खाल्ला. करड्या प्रायमरवर वालेहो कंपनीचा फ्लॅट यलो (७०.९५३) थेट लावला की तो हिरवट दिसतो आणि कितीही थर दिले तरी झाकत नाही, उलट लॅपलची कड बुजते. पिवळ्या रंगद्रव्याची झाकण्याची ताकद कमी, आणि खालचा थंड करडा त्यातून डोकावतो. चार आकृत्यांचे लॅपल पुसून पुन्हा करावे लागले.

चाललेला क्रम: करड्या प्रायमरवर आधी यलो ओकर (७०.९१३). तो एका थरात झाकतो. त्यावर फ्लॅट यलो आणि आयव्हरी (७०.९१८), प्रमाण २:१, पाणी थोडं जास्त, दोन थर. वरच्या कडेवर त्याच मिश्रणात आणखी थोडा आयव्हरी. शुद्ध पांढरा घातला तर पिवळा खडूसारखा होतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. पिवळं आधी, लाल नंतर. लालाचा थेंब पिवळ्यावर पडला तर दिसतो, पण पिवळ्याने तो झाकायला गेलं की केशरी डाग उरतो. पिवळं सांडून लालाच्या जागेत गेलं तर मात्र लाल ते एका फटक्यात झाकतो. म्हणून लॅपल-कफ-कॉलर बिनधास्त, कडेबाहेर जाऊन रंगवून घ्यायचे आणि नंतर लाल रंग बाजूने आत आणायचा.

१७६८च्या वॉरंटनुसार लॅपल ३ इंच रुंद. १:५६ या प्रमाणात तो १.४ मिमीच्या जवळ येतो. ब्रशचा आकार महत्त्वाचा नाही, टोक महत्त्वाचं. १ नंबरचा चांगला कोलिन्स्की ब्रश ०००पेक्षा बरा, कारण पोटात रंग राहतो आणि टोकावर वाळत नाही. शाळेच्या वस्तूंच्या दुकानात मिळणारे ट्यूबमधले ॲक्रिलिक तळाच्या मातीसाठी ठीक आहेत. त्यांतलं रंगद्रव्य जाड, लॅपलवर कण दिसतात.

३० जून : लाल

साध्या सैनिकाच्या कोटाचं कापड मॅडरने रंगवलेलं असे. ही आपल्या मंजिष्ठेच्या कुळातली वनस्पती. तिचा लाल विटकरीकडे झुकतो आणि ऊनपावसात आणखी तपकिरी होतो. अधिकाऱ्यांचं कापड कोचिनील किड्याच्या रंगाचं, चमकदार आणि महाग. हा फरक टेबलावर हातभर अंतरावरूनही दिसला पाहिजे, नाहीतर अधिकारी गर्दीत हरवतो.

सैनिक: कॅव्हलरी ब्राउन (७०.९८२) आणि फ्लॅट रेड (७०.९५७) समप्रमाणात हा तळ. मग फ्लॅट रेडचं प्रमाण वाढवत एक थर, घड्या सोडून. उजळ कडेसाठी लालात पांढरा घालू नका, गुलाबी होतं. थोडा यलो ओकर घाला. विटकरी छटा टिकते आणि कापड जुनं वाटतं.

हे कोट जुने, कापलेले, ठिगळं लावलेले. म्हणून पॅलेटवर तळाची चार मिश्रणं केली: एक तपकिरीकडे, एक मूळ, एक जास्त लाल, एक फिकट. ती रांगेत क्रमाने न वापरता उलटसुलट वाटली. कोपरावर आणि पाठीवर थोडी ठिगळं, अर्धी त्याच लालात पण एक छटा गडद, बाकीची तपकिरी. एका आकृतीवर एकच. जास्त केली तर सैनिक भिकारी दिसतो, आणि ही फौज त्या जुलैत अजून जिंकत होती.

अधिकारी आणि एन्साइन: तळ फ्लॅट रेड, वर स्कार्लेट (७०.८१७). सार्जंट या दोघांच्या मधला.

लाल आणि पिवळ्याच्या सांध्यात गडद तपकिरीची केसाएवढी रेघ. शुद्ध काळी रेघ या आकारात फार कडक वाटते.

७ जुलै : लेस

सगळ्यात जास्त विचार इथे लागला. ९व्या रेजिमेंटची लेस पांढरी आणि दोन काळ्या रेघांची. खरी लेस साधारण अर्धा इंच धरली तर १:५६ला ती ०.२३ मिमी होते. सहज मिळणाऱ्या बारीक (००५) पिगमेंट पेनची रेघच ०.२ मिमीची. म्हणजे प्रमाणात राहून एक रेघही बसत नाही, दोन तर नाहीच. साच्यात मात्र लेस फुगवून अर्ध्या मिमीपेक्षा जाड कोरलेली आहे, तेवढीच सवलत.

पेनने मधोमध काळी रेघ काढून पाहिली. पहिली अडचण, पेनची शाई नंतरच्या वॉर्निशने पसरली. दुसरी आणि मोठी, मधली एक रेघ बघितली की ती वेगळ्याच रेजिमेंटची लेस वाटते. निळी असती तर १०वी. त्या रेजिमेंटची लेस निळ्या एका रेघेची आणि फेसिंगही पिवळंच, भडक.

जमलेला उपाय उलटा आहे. लेसची पूर्ण पट्टी आधी ब्लॅक ग्रे (७०.८६२) मध्ये रंगवायची, मग मधोमध आयव्हरीची रेघ, दोन्ही कडांना काळपट धागा सुटेल अशी. कडेचा पांढरा भाग यात जातो हे खरं. पण डोळ्याला दोन गडद रेघा आणि मध्ये पांढरं दिसतं, आणि तीच गडद कड लेसला पिवळ्या लॅपलपासून वेगळीही करते. पांढरी लेस थेट पिवळ्यावर असली की दोन्ही रंग एकमेकांत वितळतात. ब्लॅक ग्रेऐवजी शुद्ध काळा वापरला तर लॅपल जाळीसारखा दिसतो.

आयव्हरीवर शुद्ध पांढऱ्याचा ठिपका फक्त वरच्या दोन-तीन पट्ट्यांवर. सार्जंटला काळी कड नाही, साधी पांढरी लेस. तो यामुळे आपोआप उठून दिसतो. बटणं शेवटी, फिकट चांदीचा एक ठिपका.

१४ जुलै : पट्टे, बंदुका, बारीकसारीक

पट्ट्यांना सैनिक पांढऱ्या मातीचा लेप देत. तळ फिकट करडा, वर आयव्हरी, कडेला पांढरा. विजारी त्याच रंगात केल्या तर पट्टा आणि कापड एक होतं, म्हणून विजारींचा तळ फिकट खाकी, वर आयव्हरी, आणि गुडघ्याखाली मातीच्या रंगाचा कोरडा ब्रश.

बंदूक शॉर्ट लँड पॅटर्न, नळी ४२ इंची. नळी घासून लखलखीत ठेवलेली असे. गनमेटल किंवा काळसर पोलादी रंग इथे चुकीचा. उजळ चांदीवर हलका काळा वॉश पुरे. दस्त्याच्या टोकाची आणि घोड्याखालची पट्टी पितळेची. दस्ता अक्रोडाचा, तपकिरीत लालसर झाक.

पाण्याचा डबा पत्र्याचा, खांद्यावरून दोरीने. झोळी जाड्याभरड्या कापडाची, विजारीपेक्षा एक छटा पिवळट. गळपट्टा काळा. केसांना पावडर नाही, ही परेड नव्हे.

दोन्ही सार्जंटांच्या हातात साच्यातल्या हॅल्बर्डऐवजी (कुऱ्हाडीच्या पात्याच्या भाल्याऐवजी) बंदूक दिली. वॉरंटमध्ये हॅल्बर्ड आहे, पण अमेरिकेतल्या झाडीत तो मागे पडला. ड्रमरलाही वॉरंटप्रमाणे अस्वली टोपी न देता इतरांसारखी कापलेली टोपी दिली. बाकीची रेजिमेंट मोहिमेच्या वेशात असताना त्याच्याच डोक्यावर परेडची टोपी पटत नाही. तुरे तपकिरी, काळे आणि तांबूस, गुराढोरांच्या केसांत आढळणाऱ्या छटांचे ठेवले.

२१ जुलै : झेंडे

झेंडे दाखवायचे की नाही हा प्रश्न ९व्या रेजिमेंटपुरता सुटलेला आहे. १७ ऑक्टोबर १७७७ला बर्गॉइनची फौज शरण गेली तेव्हा हिलने आपले झेंडे सामानात लपवले आणि पुढे इंग्लंडला नेऊन राजाला दिले. म्हणजे ते मोहिमेत बरोबर होते.

माप वॉरंटमधलं: लांबी ६ फूट ६ इंच, काठीलगतची उंची ६ फूट, काठी टोकापासून बुडापर्यंत ९ फूट १० इंच. १:५६ला ३५ मिमी × ३३ मिमी आणि काठी ५३ मिमी. खोक्यातली काठी लांब होती, कापली. दोरी आणि गोंडे किरमिजी-सोनेरी.

राजाचा झेंडा पूर्ण युनियन. तयार छापील पानांवर त्यात तिरपा लाल क्रॉस असेल तर ते पान बाजूला ठेवा, तो आयर्लंडचा क्रॉस १८०१मध्ये आला. १७७७ला निळ्यावर पांढरा तिरपा आणि त्यावर पांढऱ्या कडेचा सरळ लाल क्रॉस, एवढंच. दुसरा झेंडा पिवळा, वरच्या काठीलगतच्या कोपऱ्यात लहान युनियन. दोन्हींच्या मध्यभागी गुलाब आणि थिसलची माळ आणि तिच्यात रेजिमेंटचा आकडा सोनेरी रोमन अक्षरांत. शॅमरॉकची पानंही १८०१नंतरचीच. मिळालेल्या पानावर तिरपा लाल क्रॉस, शॅमरॉक आणि ब्रिटानिया, तिन्ही होतं. ते वाया गेलं. साध्या ८० जीएसएम कागदावर पेन्सिलीने आखून हाताने रंगवले.

पिवळा झेंडा कोटाच्या पिवळ्याहून एक छटा चमकदार, कारण तो रेशमाचा. पांढऱ्या डिंकाचा पातळ हात देऊन काठीला गुंडाळला आणि ओला असतानाच पेन्सिलीवर तिरप्या लाटा दिल्या. वाळल्यावर लाटा द्यायला गेलं की रंग तडकतो. कागदाची पांढरी कड नंतर त्या-त्या रंगाने भरायची, ही विसरली की अख्खं काम कागदी दिसतं.

२८ जुलै : वॉर्निश

स्प्रेचं मॅट वॉर्निश पावसाळ्यात वापरू नये. सहा आकृत्यांवर पांढुरकी धुरी आली, गडद भागांवर जास्त. हवेतली आर्द्रता फवाऱ्यातल्या थेंबांबरोबर थरात अडकते. पुन्हा मॅट मारल्याने ती वाढते. ब्रशने ग्लॉस वॉर्निशचा पातळ थर दिल्यावर धुरी जवळजवळ गेली, पूर्ण वाळल्यावर ब्रशनेच मॅट. दोन सैनिकांच्या पाठीवर किंचित राहिली, तिथे लाल रंगाचा एक हात पुन्हा दिला. उरलेल्या अठरा आकृत्यांना थेट ब्रशचं वॉर्निश: आधी ग्लॉस, मग मॅट. वेळ जास्त, भरवसा पूर्ण.

४ ऑगस्ट : तळ आणि खर्च

४५ × ४० मिमीचे सहा तळ, प्रत्येकी चार आकृत्या, दोन रांगा. अमेरिकेत ब्रिटिश पायदळ दोन रांगांत, मोकळं अंतर सोडून लढलं, म्हणून खांद्याला खांदा लावू नका. फोर्ट ॲनला झाडी, खडक आणि दाट पालापाचोळा. वाळू, चाळलेली बागेतली माती, चुरडलेली सुकी पानं, प्रत्येक तळावर एखादा दगड. एकसारखं हिरवं गवत टाकलं की तो क्रिकेटचा मैदानच होतो.

रंगांच्या १७-१८ मिलिच्या बाटल्या प्रत्येकी ₹३००च्या आसपास पडल्या. यातल्या मुख्य त्या दहा: वर नावं दिलेले सात, आणि काळा, उजळ चांदी, पितळ. एका बाटलीत असे चार-पाच संच होतात. सर्वात लवकर संपतो तो आयव्हरी, एक जादा आणून ठेवा.

याच फौजेतली ४७वी पुढे करायची असेल तर कापाकापी आणि लाल रंग हेच चालतील. फेसिंग पांढरं, त्यामुळे पिवळ्याची कटकट नाही. लेस पांढरी, एक लाल आणि दोन काळ्या रेघांची: काळपट तळ, त्यावर आयव्हरी, मधोमध लालाचा तुटक धागा. दुसरा झेंडा मात्र नुसता पांढरा करू नका. पांढऱ्या फेसिंगच्या रेजिमेंटला पांढऱ्यावर सेंट जॉर्जचा मोठा लाल क्रॉस आणि कोपऱ्यात युनियन.